तिसरा आणि रिव्हर्स

आमच्या जीपचा गिअरबॉक्स बिघडतोय हे आधी कानाला कळलं. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन क्षणभर मोकळं सुटायचं, आरपीएम उगाच वर चढायचे आणि मग पकड यायची. थोड्या काळाने रिव्हर्सही आळसावला. लिव्हर टाकल्यावर गाडी बराच वेळ विचार करायची आणि चढावर मागे घेताना घसरायची. पहिला आणि दुसरा मात्र अगदी खणखणीत होता.

गाडी २०००ची रँग्लर टीजे. चार लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन आणि त्यामागे ३२आरएच हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक. या नावातला ३ म्हणजे पुढचे तीन गिअर, २ म्हणजे टॉर्क पेलण्याची श्रेणी, आर म्हणजे मागच्या चाकांना ताकद देणारी मांडणी आणि एच म्हणजे हायड्रॉलिक नियंत्रण. मूळचं घराणं क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइट या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, १९६० साली आलेल्या ए-९०४चं. गिअर कधी बदलायचा हे इथे कॉम्प्युटर ठरवत नाही. तेलाचा दाब ठरवतो. म्हणूनच हा गिअरबॉक्स घरी उघडायचं धाडस मी केलं. दाब मोजता येतो, आणि जे मोजता येतं ते समजून घेता येतं.

धाकटा भाऊ पहिल्याच दिवशी म्हणाला, "ताई, क्लचच्या प्लेटा जळल्यात. नव्या मागवू, बसवू, झालं."

"प्लेटा का जळल्या ते कळू दे आधी," मी म्हटलं.

या लिखाणात मला सांगायचं आहे ते एवढंच. जळालेली प्लेट हा परिणाम असतो. कारण तसंच ठेवून नवी प्लेट घातली, तर तीही त्याच वाटेने जाते.

पाना हातात घेण्याआधी मी कागदावर एक तक्ता काढला: कुठल्या गिअरला आत काय काय पकडलेलं असतं. या गिअरबॉक्समध्ये दोन क्लच, दोन बँड आणि एक ओव्हररनिंग क्लच असतो. क्लच म्हणजे तेलाच्या दाबाने एकमेकींवर दाबल्या जाणाऱ्या प्लेटांचा संच, आणि बँड म्हणजे ड्रमभोवती आवळला जाणारा पट्टा. मागचा क्लच पुढे जाणाऱ्या प्रत्येक गिअरमध्ये लागतो. दुसऱ्यात त्याच्या जोडीला पुढचा बँड, म्हणजे किकडाउन बँड आवळला जातो. तिसऱ्यात हा बँड सुटतो आणि पुढचा क्लच लागतो. दोन्ही क्लच लागले की सगळा गिअरसंच एकसंध फिरतो आणि एकास एक गुणोत्तर मिळतं. रिव्हर्समध्ये पुढचा क्लच आणि मागचा बँड. ड्राइव्हमधल्या पहिल्यात मागच्या क्लचला ओव्हररनिंग क्लचची साथ असते. हा सायकलच्या फ्रीव्हीलसारखा, एका बाजूला मोकळा आणि दुसऱ्या बाजूला घट्ट. लिव्हर १ वर टाकली तर मागचा बँडही लागतो, म्हणून उतारावर इंजिनचा ब्रेक मिळतो.

आता आमची तक्रार या तक्त्यावर ठेवून पाहा. पहिला-दुसरा ठीक, म्हणजे मागचा क्लच, किकडाउन बँड आणि ओव्हररनिंग क्लच ठीक. तिसरा घसरतो आणि रिव्हर्सही घसरतो. दोघांत समान असलेली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पुढचा क्लच. गाडीखाली न जाता इथपर्यंत पोहोचता येतं, याचा मला आजही मनापासून आनंद वाटतो. एकाच पंपाने आणि थोड्या झडपांनी चालणाऱ्या या यंत्रात इतका स्वच्छ तर्क भरलेला आहे! हॉवर्ड सिम्पसन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा गिअरसंच दोन प्लॅनेटरींना, म्हणजे मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरणाऱ्या संचांना, एकच सन गिअर, म्हणजे एकच मधला गिअर, देऊन तीन पुढचे आणि एक मागचा गिअर काढतो.

तर्काला मोजमापाची जोड हवी होती. केसवर दाब मोजायला प्लग दिलेले असतात. ते काढून गेज लावायचं. मागची चाकं अधांतरी, गाडी भक्कम स्टँडवर, पुढच्या चाकांना ठोकळे आणि गाडीत बसलेल्या माणसाचा पाय ब्रेकजवळ. लिव्हर १ वर, इंजिन १००० आरपीएमवर. गिअरबॉक्सचा थ्रॉटल लिव्हर पूर्ण पुढे असताना लाइनचा दाब, म्हणजे पंपाकडून येणारा मुख्य दाब, ५४ ते ६० पीएसआय हवा, आणि हा थ्रॉटल लिव्हर मागे नेत गेलं की तो ९० ते ९६ पर्यंत चढायला हवा. आमचा चढला. म्हणजे पंप, फिल्टर आणि प्रेशर रेग्युलेटर शाबूत.

खरी मेख पुढच्या चाचणीत होती. तिसऱ्यात जाताना जे तेल पुढच्या क्लचला लावतं, तेच किकडाउन बँडचा सर्व्हो, म्हणजे बँड आवळणारा पिस्टन, सोडवतं. दोघांचा मार्ग एकच. त्यामुळे पुढच्या सर्व्होच्या प्लगवर तिसऱ्यात जो दाब मिळतो, तो लाइनच्या दाबापेक्षा ३ पीएसआयहून जास्त कमी असता कामा नये. आमच्याकडे तफावत त्यापेक्षा उघडपणे जास्त होती. तेल पोहोचत होतं, पण वाटेत कुठेतरी गळत होतं. रिव्हर्सची चाचणी करणार असाल तर ३०० पीएसआयचं गेज वापरा. त्या गिअरमध्ये दाब मुद्दाम खूप वाढवलेला असतो, साधं १०० चं गेज फुटेल.

भाऊ गेजच्या काट्याकडे बघत होता. "म्हणजे प्लेटा नाहीत?"

"प्लेटाही असतील. पण आधी गळती."

उतरवण्याचं काम अंगमेहनतीचं, त्याबद्दल थोडक्यात सांगते. या गाडीत खालचा स्किड प्लेट हाच गिअरबॉक्सचा आधार असतो, म्हणून तो काढण्याआधी वरचं वजन जॅकवर घ्यावं लागतं. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, आधी वेगळा काढा. दोन्ही एकत्र उतरवायचा मोह टाळा, कारण वजनाचा तोल मागे जातो. बेल हाउसिंगवरचा क्रँक पोझिशन सेन्सर पहिल्यांदा काढून ठेवा, नाहीतर गिअरबॉक्स मागे सरकताना तो चिरडतो. वरच्या दोन बोल्टांची डोकी उलट्या टॉर्क्सची असतात, त्यांना ई-१२ सॉकेट लागतो. लांबलचक एक्स्टेंशन लावून, गिअरबॉक्सची शेपूट खाली झुकवून, मागच्या बाजूने हात घातला की ते सापडतात. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग, आणि त्याला इंजिनशी जोडणारी फ्लेक्सप्लेट, दोन्हींवर खूण करून ठेवा. आणि गिअरबॉक्स जॅकला पट्ट्याने बांधल्याशिवाय शेवटचा बोल्ट काढू नका. याखाली झोपणाऱ्या प्रत्येकाला मी हे हात जोडून सांगेन.

गिअरबॉक्सच्या तळाचा तेलाचा चेंबर उघडला तेव्हा तेल लाल राहिलेलं नव्हतं. गडद तपकिरी झालेलं, करपलेल्या वासाचं. तळाशी काळा गाळ होता, पण धातूचे चमकणारे तुकडे नव्हते. गाळ म्हणजे प्लेटांवरचं अस्तर. तुकडे असते तर गिअर किंवा बेअरिंगची चिंता करावी लागली असती.

टेबलावर घेतल्यावर पहिलं काम डायल गेजचं. इनपुट शाफ्टची पुढे-मागे होणारी हालचाल, म्हणजे एंडप्ले, उघडण्याआधीच मोजून लिहून ठेवायची. नंतर जोडताना थ्रस्ट वायसरची जाडी याच आकड्यावर ठरते, आणि एकदा सगळं सुटं झालं की तो आकडा परत मिळत नाही. आमचा मर्यादेत होता.

पंप काढताना एक युक्ती आहे, ती मॅन्युअलमध्येच दिलेली आहे. बाहेरून पुढच्या बँडचा स्क्रू घट्ट आवळायचा, म्हणजे बँड पुढच्या क्लचच्या ड्रमला धरून ठेवतो आणि पंपाबरोबर ड्रम बाहेर ओढला जात नाही. मग पंपाच्या समोरासमोरच्या आट्यांत दोन स्लाइड हॅमर लावायचे आणि दोघांनी एका लयीत मारायचे. एका बाजूने मारलं तर पंप तिरका होऊन अडकतो. भावाने आणि मी मोठ्याने मोजत मारले. पंप सरळ बाहेर आला.

त्यानंतर बँड सैल करून दोन्ही क्लच एकत्र बाहेर, मग गिअरसंच, मग ओव्हररनिंग क्लचचे रोलर आणि स्प्रिंगा, मागचा ड्रम आणि मागचा बँड. निघालेली प्रत्येक वस्तू त्याच क्रमाने आणि त्याच दिशेने ट्रेमध्ये. थ्रस्ट वायसर एकमेकींसारख्या दिसतात पण तशा नसतात. प्रत्येकीखाली कागदाची चिठ्ठी ठेवली: कुठून निघाली, कुठली बाजू पुढे. याला वेळ लागतो आणि तो दिलाच पाहिजे.

पुढचा क्लच उघडला तो क्षण मला हवा होता. मोठी स्प्रिंग कंप्रेसरने दाबून सर्क्लिप काढली. प्लेटांवरचं अस्तर काळं पडून पापुद्र्यांनी निघत होतं आणि स्टीलच्या प्लेटांवर निळे डाग होते. भाऊ म्हणाला, "बघ, जळल्यात." हो, जळल्या होत्या. पण मी पिस्टन बाहेर काढला आणि त्याच्या कडेचा लिप सील बोटात धरला. नवा सील मऊ असतो, दुमडला तरी उसळी मारून परत येतो. हा कडक झाला होता, वाकवला तर त्याच्या ओठावर बारीक भेगा उघडत होत्या. आतला सीलही तसाच. तेलाचा दाब वाढला की हा ओठ ड्रमच्या भिंतीला चिकटून बसायला हवा. कडक झाला की चिकटत नाही, तेल बाजूने निसटतं, पिस्टन प्लेटांना पुरेशा जोराने दाबत नाही, प्लेटा घसरतात, घासून तापतात, आणि त्या उष्णतेने सील आणखी कडक होतो.

मग सील कशाने कडक झाला? वयाने आणि उष्णतेने. ही गाडी वाळूत आणि चिखलात चालते. कमी वेगात, जास्त भाराखाली, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनकडचा पंखा, म्हणजे इंपेलर, वेगाने फिरतो आणि गिअरबॉक्सकडचं टर्बाइन मागे राहतं. त्या फरकातली सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. या दोघांना एकत्र बांधणारं तिसऱ्यातलं लॉकअप असल्या वाटेवर कधी लागतच नाही. लो रेंजचं, म्हणजे ट्रान्सफर केसमधल्या हळू पण जोरदार गिअरचं, खरं महत्त्व इथे आहे. या गाडीचा पहिला गिअर २.७४, ट्रान्सफर केसचा लो २.७२ आणि ॲक्सल ३.७३. गुणाकार केला तर जवळजवळ २७.८. चाकाला तोच रेटा द्यायला इंजिनला फार कमी जोर लावावा लागतो, कन्व्हर्टर कमी घसरतो, तेल कमी तापतं. मऊ वाळूत बरेच जण वेग हवा म्हणून हाय रेंजमध्येच गाडी रेटत राहतात. छोट्या टप्प्याला ते ठीक आहे, तासन्‌तास मात्र नको.

धुलाईबद्दल माझा आग्रह टोकाचा आहे. सुती कापडाचा एक धागा वाल्व्ह बॉडीत, म्हणजे तेल वळवणाऱ्या झडपांच्या ठोकळ्यात, अडकला तर शिफ्ट व्हॉल्व्ह अर्ध्यावर थांबू शकतो. म्हणून चिंध्या बाद. सगळं सॉल्व्हंटने धुऊन कोरड्या, स्वच्छ हवेने फुंकलं. वाल्व्ह बॉडी व्हाइसमध्ये कधीच धरू नये, ॲल्युमिनियमचं ते अंग जरासं दबलं तरी व्हॉल्व्ह अडकतात. प्रत्येक व्हॉल्व्ह धुतल्यावर बॉडी तिरकी करून पाहिली. तो स्वतःच्या वजनाने घरंगळला पाहिजे. छर्रे कुठल्या खाचेत होते त्याचे फोटो दोन-दोन कोनांतून काढले, कारण त्यात लहान-मोठे असतात.

या चक्रव्यूहात काय चालतं ते एकदा समजलं की वाल्व्ह बॉडीची भीती जाते. आउटपुट शाफ्टवरचा गव्हर्नर गाडीच्या वेगाप्रमाणे दाब देतो. थ्रॉटल केबल ॲक्सिलरेटरप्रमाणे दुसरा दाब देते. शिफ्ट व्हॉल्व्हच्या एका टोकाला गव्हर्नर, दुसऱ्या टोकाला थ्रॉटलचा दाब आणि स्प्रिंग. वेगाचा दाब जिंकला की गिअर वर जातो. पाय खोल दाबलेला असेल तर त्याला जिंकायला जास्त वेग लागतो, म्हणून गिअर उशिरा पडतो. एवढंच.

जोडताना घाई नाही. नव्या प्लेटा आधी तासभर एटीएफमध्ये, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात, बुडवून ठेवल्या, कोरड्या प्लेटा पहिल्याच फेरीत जळू शकतात. पिस्टनचे दोन्ही सील नवे, ओठ दाबाच्या बाजूला. पिस्टन ड्रममध्ये घालताना ओठ दुमडला तर सगळी मेहनत वाया. मी पातळ प्लास्टिकची पट्टी कडेने फिरवत, तेल लावत, हळूहळू पिस्टन फिरवत आत बसवला. ड्रममधला छोटा छर्रा हलतोय ना, हे पाहिलं. क्लच सुटल्यावर फिरत्या ड्रममध्ये अडकलेलं तेल त्याच वाटेने बाहेर पडतं. रिॲक्शन शाफ्ट सपोर्टवरच्या रिंगाही बदलल्या, कारण क्लचचं तेल याच रिंगांमधून जातं. खाचा झिजल्या नव्हत्या. वायसर जागेवर धरायला पेट्रोलियम जेली वापरली, ती तेलात विरघळते. बेअरिंगचं घट्ट ग्रीस वापरलं तर बारीक वाटा तुंबतात.

मग हवेची चाचणी. वाल्व्ह बॉडी बसवण्याआधी केसमधल्या तेलाच्या छिद्रांत ३० पीएसआयने हवा मारायची. पुढच्या क्लचच्या छिद्रात हवा दिली आणि आतून जाडजूड "ढप्प" असा आवाज आला. फुसफुस नाही, सुटका केल्यावर पुन्हा "ढप्प". मागच्या क्लचचंही तसंच, आणि सर्व्होला हवा दिल्यावर बँड डोळ्यांदेखत आवळला गेला. भावाने मला बाजूला सारून पुन्हा-पुन्हा हवा मारली. तो आवाज ऐकून आम्ही दोघंही हसत होतो. गळती कुठे होती, ती गेली की नाही, याचं उत्तर गाडीत बसवण्याआधी टेबलावरच मिळालं.

पुढच्या बँडचा स्क्रू ७२ इंच-पाउंडला, म्हणजे ८ न्यूटन-मीटरला आवळून मग ठरावीक फेरे मागे घ्यायचा. हे फेरे वर्षाप्रमाणे आणि आतल्या लिव्हरप्रमाणे बदलतात, तेव्हा आपल्याच गाडीचं मॅन्युअल उघडा, दुसऱ्याच्या गाडीचा आकडा घेऊ नका.

टॉर्क कन्व्हर्टर मी बदलला. तो वेल्ड करून बंद केलेला असतो, आत गेलेला काळा गाळ घरी पूर्ण काढता येत नाही, आणि तो नव्या क्लचमध्ये येऊ द्यायचा नव्हता. त्याच कारणाने कूलरच्या नळ्या आणि रेडिएटरमधला कूलर उलट्या दिशेने धुतले आणि पुढे एक वेगळा कूलर जोडला. कन्व्हर्टर बसवताना तो फिरवत-फिरवत पंपाच्या गिअरमध्ये पूर्ण जायला हवा. बेल हाउसिंगच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून मोजा, बोल्ट बसायच्या जागा पट्टीपासून अर्धा इंच आत असल्या पाहिजेत. अर्धवट बसलेला कन्व्हर्टर बोल्टांनी ओढून घेतला तर पंप फुटतो.

गाडीत चढवल्यावर एटीएफ+४, दुसरं कुठलंही "सगळ्याला चालतं" म्हणणारं तेल नाही. क्लचची पकड कशी लागते हे तेलातल्या घर्षणाच्या गुणांवर ठरतं. आणि पातळी न्यूट्रलमध्ये बघायची, इंजिन चालू, तेल गरम, जमीन सपाट. पार्कमध्ये नाही. या गिअरबॉक्सच्या पार्कमध्ये पंपाचं तेल कन्व्हर्टरकडे, आणि तिथून पुढे कूलरकडे, जातच नाही. म्हणून वाटेत थांबून गिअरबॉक्स थंड करायचा असेल तर पार्कमध्ये इंजिन चालू ठेवण्याचा काही फायदा नाही. हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा, न्यूट्रलमध्ये ठेवा, मग तेल कूलरमधून फिरतं.

थ्रॉटल केबलची जुळणी सगळ्यात शेवटी, आणि सगळ्यात लक्ष देऊन. ती सैल राहिली तर लाइनचा दाब कमी राहतो, गिअर लवकर आणि मऊ पडतात. चालवताना छान वाटतं, पण आतल्या प्लेटा घसरत असतात.

पहिली फेरी हळू, मोकळ्या रस्त्यावर. दुसऱ्यातून तिसरा पडला तो एका ठाम धक्क्याने, आरपीएम खाली आले आणि तिथेच राहिले. रिव्हर्स लिव्हरबरोबर लागला. परत आल्यावर गेज पुन्हा लावलं. तिसऱ्यात सर्व्होचा दाब लाइनच्या दाबाला जवळजवळ चिकटून होता, ३ पीएसआयच्या आत. भावाने तो आकडा जुन्या कागदावर, आधीच्या आकड्याशेजारी लिहून ठेवला.

नव्या प्लेटांचं अस्तर सुरुवातीला थोडं सुटतंच, म्हणून फिल्टर आणि चेंबरमधलं साधारण चार लिटर तेल लवकरच बदलणार आहे. तेव्हाच बँडही पुन्हा तपासेन.